आमच्या घराण्यातलं पोटाचं दुखणं

आमच्या घरात प्रत्येक मरणाला वेगळं कारण होतं. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली, त्यांनी हाय खाल्ली आणि पोटात गोळा होऊन चाळिशीतच गेले. म्हणजे आजोबांना मिलने खाल्लं. वडील जकार्ड मागांचे मेस्त्री. १९९८ साली एक्कावन्नाव्या वर्षी ते आतड्याच्या कॅन्सरने गेले. त्याचा दोष आजीने चहाला दिला आणि काकांनी तिखटजाळ शेंगाचटणीला. आत्याची शेहेचाळिसाव्या वर्षी 'पिशवी काढली', पण ते बायकांचं. पुरुषांपुढे ते निघायचं नाही, आणि बायका आपापसात बोलल्या तरी 'लई अंगावरून जात होतं' याच्या पुढे सरकायच्या नाहीत.

२०२१ मध्ये धाकट्या भावाला दम लागायला लागला. वय सदतीस. त्यालाही कारण सापडलं : धावपळ, वेळेवर जेवण नाही, म्हणून रक्त कमी. एका डॉक्टरांनी मूळव्याध धरून दहा महिने मलम आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन थोडं चढायचं, परत उतरायचं. ते सातच्या खाली गेलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी मागून आत घालून आतडं बघणं, करायला लावली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. उजवीकडे आतडं रुंद असतं आणि तिथला मळ पातळ, त्यामुळे गाठ वाढली तरी अडत काही नाही. रक्त नुसतं झिरपत राहतं, डोळ्यांना दिसत नाही. माणूस पांढराफटक पडतो आणि घरचे त्याला बीट-डाळिंब खाऊ घालतात. आम्हीही घातलं.

ऑपरेशन सोलापुरातच झालं, चांगलं झालं. टाके काढायच्या दिवशी सर्जननी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हटलं, वडिलांना. "कितव्या वर्षी?" मी सांगितलं. "आणि त्यांच्या वडिलांना?" मी मिलची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी पेन खाली ठेवला आणि मिलची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, तीन पिढ्यांत तिघं, त्यातले दोघं पन्नाशीच्या आत, हा योगायोग मी धरणार नाही.

काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात हे मला तेव्हा कळलं. त्याला ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकच्या पातळ चकत्या कापून चार प्रथिनं तपासायला पाठवली. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी रंग धरतं, नसेल तर धरत नाही. भावाच्या गाठीत चारांपैकी दोन नव्हती, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. ही दोघं जोडीनं राहतात; पहिलं गेलं की दुसरंही टिकत नाही. रिपोर्टच्या तळाशी एका ओळीत लिहिलं होतं : लिंच सिंड्रोमची शक्यता, जनुकीय सल्ला घ्यावा.

लिंच हे अमेरिकेतले डॉक्टर, हेन्री लिंच. कॅन्सर घराण्यातून येऊ शकतो हे त्यांनी वर्षानुवर्षं घराणी तपासून, लोकांचा अविश्वास सोसून मांडलं. आमच्या घरातल्या दुखण्याला त्यांचं नाव असेल असं कुणाला वाटलं असतं?

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, आणि तिथून परळचं टाटा. जनुकीय सल्ल्याच्या खोलीत यंत्रबिंत्र काही नव्हतं. एक टेबल, कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेली पंचविशीतली मुलगी. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल. कॅन्सर झालेला असेल तर आकृती काळी भरायची, गेलेला असेल तर वरून तिरपी रेघ. आजोबा : चौकोन, भरलेला, रेघ. वडील : चौकोन, भरलेला, रेघ. भाऊ : चौकोन, भरलेला. त्याच्यावर रेघ नाही, हे बघून मला उगाच बरं वाटलं. मग ती आत्याच्या गोलावर आली. "यांना काही झालं होतं?"

"पिशवी काढली."

"कशासाठी?"

मी चाळीस वर्षांची. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या आत्याकडे काढलेली. आणि मला उत्तर येत नव्हतं. तिने गोलात एक प्रश्नचिन्ह काढलं आणि समजावलं की या दोषात आतड्याखालोखाल धोका गर्भाशयालाच असतो. पूर्वी घराण्याचा निकष लावताना फक्त आतड्याचे रुग्ण मोजायचे. १९९९ मध्ये तो बदलला आणि पिशवीचा कॅन्सरही मोजायला लागले. "आत्यांना विचारून कळवा," ती म्हणाली. तिला ते सोपं वाटत होतं.

आत्या पूर्व भागात राहते आणि अजून शिलाई करते. सोलापुरातून शाळेचे गणवेश कुठकुठे जातात, त्यातल्या पँटींच्या कमरपट्ट्या तिच्या मशीनवर होतात. मी गेले तेव्हा तिच्या पायाशी निळ्या पट्ट्यांचा ढीग होता. मी विषय काढला, तशी ती मशीन न थांबवता म्हणाली, "कशाला उकरालीस जुनं?" मी भावाचं नाव घेतलं. मशीन थांबलं. ती उठली, लोखंडी पेटी उघडली, लुगड्यांखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत २००४ चा कागद. इंग्रजीत. एंडोमेट्रियल कार्सिनोमा. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर.

"ठाऊक होतं तुला?"

"न ठाऊक असायला काय. बार्शीला पंचवीस दिवस शेक घेतला की. ह्यांनी सांगितलं होतं, कुठं बोलायचं नाही. पोरींची लग्नं व्हायची होती." शेजारी तिने सांगून ठेवलं होतं की नणंदेचं बाळंतपण आहे. मी जन्मभर जे 'आत्या बार्शीला गेली होती' ऐकत आले, ते हे होतं : कॅन्सरवरचे किरणांचे शेक. बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी तिथलीच. आमच्या घरात मात्र एका माणसाची नोंद सतरा वर्षं लुगड्याखाली होती.

कागद परत घडी करताना ती म्हणाली, "आपल्या घराण्यात पोटानंच जायचं असतंय. मला तवाच वाटलं होतं."

ह्या वाक्याची गंमत मला पुढे कळली. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, की माझ्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई खरोखरच पिशवीच्या कॅन्सरने गेली. लिंच सिंड्रोमचा शोध तिथून सुरू होतो, एका शिंपिणीच्या बोलण्यातून. आमच्याही शिंपिणीला माहीत होतं. फरक इतकाच की तिला कुणी विचारलं नव्हतं.

भावाच्या रक्तात एमएसएच-२ मधला नेमका बिघाड सापडला. त्यानंतर बाकीच्यांचं काम सोपं असतं. अख्खा संच तपासावा लागत नाही, तेवढीच एक जागा बघायची, त्यामुळे खर्चही बराच कमी. ताईने आणि मी एकाच दिवशी रक्त दिलं. प्रत्येक भावंडाला निम्मी-निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी, आणि एकाचं नाणं दुसऱ्याचं बघून पडत नाही. ताईला हे काही केल्या पटेना. भावाला आलंय म्हणजे आपल्याला यायचं नाही, असा तिचा हिशेब.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रिपोर्ट आले. मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. जीएसटी भरायची गडबड चालू होती आणि मोबाईलवर पीडीएफ आली. मला आहे. ताईला नाही. ताई संध्याकाळी घरी आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. "मी थोरली, मला यायला पाहिजे होतं," म्हणत होती. तिला नाही म्हणजे तिच्या मुलांनाही आमच्याकडून हे येणार नाही, चारचौघांइतकाच धोका, हे मी तिला तीनदा सांगितलं. तेवढ्यासाठी तरी आपण आनंदानं चहा पिऊ या, म्हटलं.

बिघाड म्हणजे नेमकं काय, ते मला ऑफिसात बसल्या बसल्या समजलं. कारखान्यात कापड मागावरून उतरलं की चेकिंग टेबलावर जातं. तिथं बायका फॉल्ट हुडकतात, धागा सुटलेला, गाठ राहिलेली, आणि मेंडिंगला, म्हणजे दुरुस्तीला, देतात. माग चुका करतोच. पेशीही करते, स्वतःची नक्कल काढताना अक्षरं चुकतात. एमएसएच-२ हे त्या टेबलावरच्या बाईसारखं जनुक. प्रत्येक पेशीत अशा दोन बाया, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. माझ्याकडे वडिलांकडची जन्मापासून गैरहजर. आईकडची एकटी काम निभावते. पण आतड्यातल्या एखाद्या पेशीत तीही कधी बंद पडली, तर त्या टेबलावरून फॉल्टी माल बिनबोभाट पुढे सरकतो. इतरांत साध्या मोडाचा, म्हणजे आतड्याच्या भिंतीवर उगवलेल्या कोंबाचा, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात. लिंचमध्ये हे एक ते तीन वर्षांत उरकू शकतं. म्हणून माझ्यासारख्यांना पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. मी सुरुवात करेपर्यंत एक्केचाळीस उलटली होती. वडील गेले तेव्हा जनुकाची तपासणी आमच्या आवाक्यात नव्हती, मान्य. पण नळी होती. 'पोरांना वेळ आली की तपासून घ्या' एवढं एक वाक्य त्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कागदावर लिहायला काय लागत होतं? हा राग माझा अजून गेलेला नाही.

पहिली कोलोनोस्कोपी १६ जानेवारी २०२३ ची मिळाली. तारीख घेताना मी कॅलेंडर बघितलंच नाही. आधीचे तीन दिवस बियांचं, सालीचं, चोथ्याचं काही खायचं नाही. आणि १४ ला भोगी, १५ ला संक्रांत! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तिळगूळ, सगळ्यावर फुली. बिया आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतात आणि ओढून घेताना नळीचं तोंड बंद करतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर सोलापूरकराची ओळख, तीही बंद. घरोघर तिळगूळ वाटणारी मी, आणि मी काय खातेय तर पांढरा भात, वरणाचं वरचं पाणी आणि बिनभाजीचा उपमा. जाऊबाई म्हणाल्या, "गड्ड्याला तरी येणार का, की तेही बंद?" गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेले. भज्यांच्या वासातून चालत गेले आणि चालत परत आले.

खरी अडचण पाण्याची. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि पोट साफ करायच्या औषधानं संडासला किती वेळा जावं लागतं ते मोजायचं नसतं. डॉक्टरांकडे पुणे-मुंबईचे पेशंट असते तर त्यांनी हे विचारलं नसतं, आमच्या डॉक्टरांच्या असिस्टंटने पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या पेठेत पाणी कधी?" म्हणून आता मी तारीख घेताना पाळी बघते. पाण्याची. पिंप भरून ठेवायचं, मुलाला आंघोळ शेजारी करायला सांगायची.

औषधाची पावडर दोन लिटर पाण्यात. एक लिटर आदल्या संध्याकाळी, एक पहाटे. दर पंधरा मिनिटांनी ग्लास. चव म्हणजे लिंबू सरबतात कुणी मिठाऐवजी समुद्रच ओतला असावा. गार करून, स्ट्रॉने, घशाच्या मागे टाकून प्यायचं हे मला भावाने शिकवलं. चौथ्या ग्लासानंतर थंडी वाजते, शाल घेऊन बसायचं. लाल रंगाचं सरबत चालत नाही, आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. आणि शेवटी जे बाहेर पडतं ते पिवळसर, पारदर्शक असलं पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप वाया. मी फोनवर असिस्टंटला रंग सांगितला. माणसाला कशाकशाचं वर्णन करावं लागतं!

प्रत्यक्ष तपासणी त्यामानाने काहीच नाही. मागे उघडा गाऊन, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. हातातल्या सुईतून औषध गेलं आणि मी अर्धवट झोपले. मध्येच डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर माझं आतडं निळं दिसत होतं. लिंचमधले मोड चपटे असतात, गुलाबी भिंतीवर गुलाबीच, चटकन दिसत नाहीत. म्हणून निळा रंग फवारतात. रंग खाचेत साचतो आणि उंचवटा उघडा पडतो. पांढऱ्या धोतराला नीळ जास्त झाली की चुणी कशा दिसतात, तसं. परत गुंगी आली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, शेवटच्या टोकापर्यंत पोचलो, आतडं स्वच्छ, काही नाही. मी 'आतडं स्वच्छ' ची ओळ भावाला फोटो काढून पाठवली. स्वच्छतेत त्याचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते.

जानेवारी २०२४. दुसरी वेळ. यावेळी तारीख संक्रांत टाळून. उजव्या बाजूला आठ मिलिमीटरचा चपटा मोड मिळाला. त्याच वेळी, तिथेच, खाली सलाईनचा फुगा करून तारेच्या फासाने तो काढला. बाटलीत घालून तपासायला. रिपोर्ट येईपर्यंतचे सहा दिवस मी हिशेबात इतक्या चुका केल्या की शेटजींनी घरी जायला सांगितलं. साधा एडिनोमा निघाला. म्हणजे कॅन्सर नाही, पण होऊ शकला असता. बरोबर त्याच बाजूला, जिथं भावाला झाला होता. आदल्या वर्षी तो नव्हता. किंवा इतका लहान होता की निळीलाही सापडला नाही.

विमा कंपनीने पहिल्या वर्षी बिल नाकारलं : आजार नाही, मग नुसत्या तपासणीचे पैसे कसले? मोड निघाला त्या वर्षी दिलं. त्यांच्या दृष्टीनं मी शेवटी लायक ठरले.

गर्भाशय आणि अंडाशय मी त्याच उन्हाळ्यात काढून घेतले. एमएसएच-२ वाल्या बायकांत पिशवीच्या कॅन्सरचा धोका शेकड्याला चाळीस-पन्नासच्या घरात जातो, आतड्यासारखी खात्रीची तपासणी तिथं नाही, आणि मला आणखी मुलं नको होती. एकदम आलेल्या रजोनिवृत्तीवर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. अॅस्पिरिनही चालू आहे. लिंचच्या रुग्णांना रोज ६०० मिलिग्रॅम देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत आतड्याचे कॅन्सर कमी झालेले दिसले, पण फायदा वर्षांनी कळतो, आणि पोटात अल्सर असणाऱ्याला तीच गोळी रक्तस्राव करते. माझा डोस डॉक्टरांनी ठरवलाय. वाचणाऱ्यांनी मेडिकलमधून पाकीट आणू नये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फोन करण्यात. टाटातल्या त्या मुलीने एक पत्र दिलं होतं, नातेवाइकांना द्यायचं. चुलतभावाने ते वाचलंसुद्धा नाही. "कळून काय करायचं? व्हायचं ते होतंय," म्हणाला. त्याच्या वडिलांना, म्हणजे चटणीला दोष देणाऱ्या काकांना, काही झालेलं नाही. त्यामुळे काकांनी आधी तपासलं आणि नसलं तर त्याचा प्रश्नच मिटतो. हेही त्याला सांगून झालं. आत्याची थोरली पुण्यात गुपचूप रक्त देऊन आली. सासरी कळू द्यायचं नाही, म्हणून रिपोर्ट माझ्या मेलवर. तिला आहे. बत्तिसावं चालू आहे तिला. तिला पाणी कधी येतं हे विचारावं लागत नाही, एवढंच काय ते सुख. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. अठरा झाल्यावर तपासायचं की नाही, ते ती ठरवेल. लहानपणी तपासत नाहीत, कारण तेव्हा कळून करण्यासारखं काही नसतं. तिने विचारलं, "मला असलं तर मला शेंगाचटणी बंद का?" फक्त तीन दिवस, म्हटलं.

आणि आत्या. थोरल्या लेकीला आहे म्हणजे आत्याला तर आहेच. पण पिशवी काढली त्याला वीस वर्षं झाली, या वीस वर्षांत तिचं आतडं कुणी बघितलेलं नव्हतं. या जानेवारीत, सहासष्टाव्या वर्षी, ती तयार झाली. दोन लिटर पाणी तिने कुरकुर न करता, पंधरा मिनिटांचं गणित घड्याळाशिवाय पाळत संपवलं. सकाळी मी तिच्याबरोबर गेले. सिस्टर फॉर्म भरत होती. घरात कुणाला काही? आत्याने सांगितलं, वडील, भाऊ, भाच्चा. तुमचं आधी काही ऑपरेशन? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ती बोलली, "वीस वर्षांमागं पिशवी काढली." सिस्टरने लिहिलं आणि पान उलटायला लागली. आत्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"नुसतं पिशवी काढली नका लिहू, बाई," ती म्हणाली. "कॅन्सर होता. तसं लिहा."